गाण्यातली मोकळी जागा

मित्रांनो, तो रविवार इतका साधा होता की तो लक्षात ठेवावा असं त्यात काहीच नव्हतं. सकाळी मला स्वयंपाकघराच्या दारात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं आणि घरमालक जुन्या बनियनच्या चिंधीने मला तेल चोळत होते. मधूनच त्यांना चष्मा हवासा वाटे. तो शोधायला ते दोनदा माझ्यावरून पाय टाकून गेले आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी एक जुनं वल्हं आहे. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीच्या वरच्या भिंतीवर लटकलेलं लांब लाकूड ते मीच. तुमच्यातल्या एकीने परवा मला राक्षसाचा चमचा म्हटलं. ते मला आवडलं. पण त्या रविवारी मी एका नावाड्याच्या घरी राहत होतो; मला तेल चोळणारे घरमालक म्हणजे तेच. नदीवर पूल झाल्याला बरीच वर्षं लोटली होती आणि पलीकडे जायला कुणाला नाव लागत नव्हती. तरीही ते आणि त्यांचे तीन जुने सोबती, असे चार म्हातारे दर रविवारी नाव काढत, पलीकडे जात आणि परत येत. लाकडी नाव कोरडी पडली की फळ्या आकसतात, फटी पडतात, असं ते घरच्यांना सांगत. ते खरंच आहे. पण त्यांना गायचंही असे, आणि त्यांचं गाणं जमिनीवर येत नसे.

अकराच्या सुमारास नावाड्यांची लेक आली. ती शहरात रेडिओवर काम करते. गावोगावची जुनी गाणी गोळा करते, ती कुठून आली असतील यावर बोलते. तिच्या पिशवीत नेहमी जाड पुस्तकं असतात. त्या दिवशीही होती.

"चप्पल आत घे. बाहेर ठेवलीस तर कुत्रं नेतं," नावाडी म्हणाले.

"बाबा, किती तेल पाजताय त्याला! तुमच्यापेक्षा गुटगुटीत झालंय."

"माझ्यापेक्षा कामाचं आहे, म्हणून."

ती हसली, हात धुऊन आली आणि भाजी निवडायला बसली. थोडा वेळ गेला. मग नावाड्यांनी माझ्या मुठीवरून उगाचच चिंधी फिरवली आणि म्हणाले, "बाळा, आपल्या गाण्याचं ते रेकॉर्डिंग एकदा नावेत बसून परत कर ना."

"झालंय की ते. रेडिओवर लागलं पण. कितीतरी लोकांनी आवडल्याचं कळवलं."

"आवडलं असेल. तरी."

"नावेत वारा असतो बाबा, पाणी वाजतं, लाकूड करकरतं. आवाज स्वच्छ येत नाही."

"मग काही आणू नकोस. नुसती ये. लहानपणी बसायचीस तशी बस."

"पुढच्या महिन्यात येते. नक्की."

"बरं," ते म्हणाले.

चारच्या बसने ती गेली. पोचल्यावर कळव, असं ते म्हणाले आणि पोचल्यावर तिने कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नावाड्यांनी चहा गाळला, ते खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

मित्रांनो, ते 'तरी' म्हणजे काय होतं, हे सांगायला मला बरंच मागे जावं लागेल. मी वल्हं नव्हतो तेव्हापर्यंत.

तेव्हा मी एका सरळ वाढलेल्या झाडाचा ओंडका होतो. मला कापायला दोन करवतकरी होते. एक वर उभा राही, एक खाली खड्ड्यात. मधे लांबलचक करवत. खालच्याच्या डोळ्यांत सारखा भुसा जाई, म्हणून तो डोळे मिटून घेई. मग वरचा कधी ओढतो आणि कधी सोडतो, हे त्याला कळणार कसं? वरचा काहीतरी गुणगुणे. शब्दही धड नसत. एक ओळ, मग ओढ, मग एक ओळ, मग ओढ. मी कापला जात होतो, दुखतही होतं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त मला कुतूहल वाटत होतं. हे काय आहे? हे दोघे असे का बोलतात? आणि मधेच गप्प का होतात?

सुताराने मला रंधा मारला तेव्हा तोही गुणगुणे. पण तो एकटाच होता. त्याचं गुणगुणणं कुठेही सुरू होई, कुठेही संपे. एकदा तर चहा आला म्हणून अर्ध्या शब्दावर संपलं. त्यावरून मी पहिला अंदाज बांधला: एकट्याचं गाणं कसंही चालतं, दोघांचं गाणं एकमेकांसाठी थांबतं.

मग मला पातं आलं, मूठ आली, कमरेला चामड्याचा पट्टा ठोकला गेला आणि मी नावेत आलो. आमच्या नावेला चार वल्ही होती. मी सगळ्यांत मागचा. मला नावाडी ओढत आणि माझ्या वेगाने बाकीचे तिघे चालत. त्या तिघांत एक नावाड्यांचे मेहुणे, म्हणजे लेकीचे मामा. दुसरे शिंपी, दुपारपर्यंत नाव आणि दुपारनंतर मशीन. तिसऱ्यांना सगळे मौनी म्हणत, कारण त्यांचं तोंड कधी बंद नसे.

वल्हवणारा माणूस, मित्रांनो, जायचं त्या दिशेला पाठ करून बसतो. त्यामुळे नावाडी मागच्या टोकाला असले तरी तिघे त्यांच्या पाठीमागे येत, आणि त्यांना नावाड्यांची पाठ तरी दिसायला हवी होती. पण मधे काय काय असे! सायकली, कोबीची पोती, बँडवाल्यांचा मोठा ढोल, एकदा तर आरशाचं कपाट, ज्यात मौनी स्वतःलाच बघत बसले आणि नाव फिरली. डोळ्यांचा उपयोग नव्हता, कानांचा होता. म्हणून गाणं.

नावाडी ओळ टाकत: "पाणी म्हणतं, थांब जरा." मग सगळे ओढत. ओढताना कुणालाच गाता येत नाही. दात आवळलेले असतात, पोट आत गेलेलं असतं, नाकातून नुसतं 'हं' निघतं. तेवढ्या वेळात फक्त मी करकरतो आणि पाणी मागे सरकतं. ओढ संपली, छाती मोकळी झाली की तिघे उत्तर देत: "थांबू कसा गं, थांबू कसा." पुन्हा ओढ. अशी ती दोन ओळींमधली मोकळी जागा. ऐकणाऱ्याला वाटे, तिथे काहीच नाही. पण नाव फक्त तिथेच पुढे जाई. शब्द चालू असताना ती नुसती वाहत असे.

ओळी नेहमीच्या होत्या, पण रोज एखादी नवी पडे. एकदा एक वकील आले. जागा नव्हती म्हणून कोबीच्या पोत्यावर बसले. नावाड्यांनी टाकलं, "वकील बसले पोत्यावर." ओढ. तिघांना उत्तर सुचेना. नाव मधोमध, सगळे वाट बघतायत. तेवढ्यात मौनी ओरडले, "पोतं म्हणतं, तारीख दे!" वकील इतके हसले की त्यांचा एक बूट पाण्यात बुडून वर आला. ती ओळ राहिली. वकिलांनी वकिली सोडली, ते म्हातारे झाले, गेले. तरी ओळ राहिली. पुढे नवे उतारू एकमेकांना विचारत, कोण हो हे वकील? त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येत नसे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाणं असं जुनं होतं. ज्याच्यावरून केलं तो विसरला जातो, ज्याने केलं तोही विसरला जातो, आणि मग लोक म्हणतात, फार प्राचीन आहे.

लेक तेव्हा सहा-सात वर्षांची होती. पुढच्या टोकाच्या फळीवर बसे आणि नदी ओलांडेपर्यंत प्रश्न विचारी.

"बाबा, हे गाणं कुणी केलं?"

"माझ्या आधीच्यानं."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीच्यानं."

"पण सगळ्यांत पहिल्यांदा?"

नावाड्यांनी दोन-तीन वेळा मला ओढलं. घाम पुसला. मग म्हणाले, "सगळ्यांत पहिल्यांदा कुणाला तरी दम लागला असेल."

"दम लागल्यावर कुणी गातं का?"

"नाही गात. म्हणून तर थांबला. मग मागच्याला वाटलं, आपणही थांबावं."

"भाऊजी, पोरीला शाळेत पाठवताय ना?" मामा मागून ओरडले. "की तिथल्या मास्तरांनाही हेच शिकवायचंय?"

मी त्या उत्तरावर अजून विचार करतो. लेक मात्र मोठी होत गेली आणि तिने ते प्रश्न पुस्तकांना विचारायला सुरुवात केली. पुस्तकांनी तिला पुष्कळ सांगितलं. मी पुस्तकांना नावं ठेवणार नाही. कागदही लाकडाचाच होतो.

पूल झाला त्या वर्षी आमचं फार कौतुक झालं. फोटो काढले गेले, भाषणं झाली. शेवटची फेरी म्हणून लोक नावेत मावेनात. दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. मी घराच्या बोळात, चपलांच्या कपाटाशेजारी दोन खुंट्यांवर आलो. माझ्यावर छत्र्या लटकल्या, ओले मोजे वाळले, एकदा तर कांद्यांची जाळी टांगली गेली. रविवार मात्र माझा राहिला.

आणि मग ते रेकॉर्डिंग. बोळातून स्वयंपाकघर सरळ दिसतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. लेकीने खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला, घड्याळ काढून उशीखाली ठेवलं. वडिलांना खुर्चीत बसवलं. उपड्या डब्यावर यंत्र ठेवलं. नावाडी गायला लागले. एक ओळ म्हणाले आणि थांबले. मग उत्तराची ओळही त्यांनाच म्हणावी लागली, कारण तिघे नव्हते. पुन्हा थांबले. दर वेळी त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला जाई, मूठ वळे आणि हळूच छातीकडे येई. नाकातून 'हं' निघे. लेक यंत्रावरच्या हलत्या रेघेकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी होती.

"बाबा, आठवत नसेल तर थोडं थांबू या का?"

"आठवतंय की," ते हसून म्हणाले आणि पुढची ओळ म्हटली.

तिने पुन्हा काही विचारलं नाही. पण जाताना बोळात, माझ्या अगदी शेजारी उभी राहून, तिने किती वेळ चपलेचा पट्टा लावला! मला तेव्हा कळलं नाही की एक पट्टा लावायला एवढा वेळ का लागावा.

गाणं रेडिओवर लागलं त्या सकाळी आम्ही नाव ठेवतात त्या पडवीत होतो. चार वल्ही भिंतीला टेकलेली, चार म्हातारे उलट्या बादल्यांवर बसलेले, मधे शिंप्यांचा छोटा रेडिओ. नावाड्यांचा आवाज आला. छान आला, काचेसारखा. एक ओळ, लगेच दुसरी, लगेच तिसरी. 'हं' नाही. मोकळी जागा नाही. लेकीने सगळं जोडून घेतलं होतं. आमचं एवढं लांब गाणं, शिंप्यांची विडी अर्धी व्हायच्या आत संपलं.

शिंप्यांनी रेडिओ बंद केला. मग मौनी म्हणाले, "याच्यावर वल्हं मारलं तर आपण घाटाला नाही, थेट तळाला लागू."

"काहीतरीच बोलू नका," नावाडी म्हणाले. "पोरीने स्वच्छ केलंय. मेहनत आहे त्यात."

"मेहनत आहे. पण तिला सांग ना एकदा," शिंपी म्हणाले. "उसवून पुन्हा शिवता येतं."

"सांगून काय होणार? तिच्या कामातलं तिला कळतं, मी काय सांगू? एकदा नावेत बसवतो. चार हात मारले की तिचं तिलाच कळेल."

मित्रांनो, ते 'तरी' म्हणजे हे होतं. पुढचा महिना आला, पण तेव्हा बोलावणारे राहिले नव्हते.

नावाडी गेल्यावर चौथं वल्हं रिकामं झालं. तिघांनी नाव हलत नाही. तेव्हा तुमच्या शाळेने, पलीकडच्या काठावरून, नाव मागितली. मुलांना पाहता येईल, पावसापाण्यात कुजणार नाही, असं मुख्याध्यापकांचं पत्र होतं. मामांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "द्यायची तर आपण वल्हवत नेऊन देऊ. ट्रकवर नाही चढवायची." चौथा माणूस म्हणून लेक आली. तिने मला खुंटीवरून काढलं तेव्हा माझा तोल तिला सांभाळेना. एकदा चौकटीला लागलो, एकदा दिव्याला.

नावेत ती वडिलांच्या जागी बसली. पाठीमागे तिघे. सगळ्यांचे डोळे कोरडे होते आणि सगळे उगाचच दोऱ्या तपासत होते. लेकीने पिशवीतून फोन काढला आणि फळीवर ठेवला.

"मामा, बाबांच्याच आवाजावर जाऊ या," ती म्हणाली. "रेडिओवर लागलेलं आहे माझ्याकडे."

मामा कसंबसं म्हणाले, "बरं. बघू या."

गाणं सुरू झालं. मी ओढला गेलो, पण ओढ पूर्ण व्हायच्या आत उत्तराची ओळ आली, आणि उत्तर संपायच्या आत पुढची. शिंप्यांचं वल्हं मामांच्या वल्ह्यावर आदळलं. मौनींचं पाण्याबाहेरच राहिलं. मी हवेतून फिरलो आणि लेकीच्याच गुडघ्यावर आपटलो. नाव गोल फिरली आणि काठावरची बदकं ओरडत पळाली.

"बंद कर ते पोरी," मौनी म्हणाले. एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तिने बंद केलं. "काय झालं? माझं वल्हं चुकलं का?"

"वल्हं नाही गं," मामा म्हणाले. "गाण्यात ओढायला जागाच नाही. तू काढलीस ना ती मधली?"

"ती..." लेक थांबली. "मामा, ती गाण्यातली होती?"

"तेच तर गाणं."

तिने हाताच्या मुठीकडे पाहिलं. मूळ रेकॉर्डिंग आहे का, असं शिंप्यांनी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. काम झालं की मूळचं पुसून टाकायचं, जागा लागते, असा तिच्या कचेरीचा नियम होता, आणि तिने तो पाळला होता. आता नावाड्यांचा तो 'हं', ती थांबलेली छाती, जगात कुठेही शिल्लक नव्हती.

इथे मी क्षणभर थांबतो, मित्रांनो. माझ्या खाली एक पाटी आहे: हात लावू नये. पाटी लावणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण तुम्ही बाईंची परवानगी घ्या आणि मला खाली काढा. चौघं नावेत बसा, ओढून बघा. मी मोडणार नाही, आणि मोडलोच तर वल्ह्यासारखा मोडेन. तुमच्या घरात कुणी गात असेल, धुणं आपटताना, बाळाला झोके देताना, काहीतरी कुटताना, तर नुसते शब्द उतरवून घेऊ नका. ते मधेच थांबले तर त्यांच्या हातांकडे बघा. आणि कळलं नाही तर त्यांनाच विचारा. ते समोर आहेत तोवर विचारा.

आता त्या फेरीचं राहिलेलं सांगतो.

"तू आमच्याकडे पाठ करून बसलीयस," मामा म्हणाले. "आम्हाला तुझा हात दिसत नाही. ओळ तुलाच टाकायला लागेल."

"मला फक्त शब्द येतात, मामा."

"मग शब्द टाक. बाकीचं वल्हं करेल."

तिने ओळ टाकली. आवाज बारीक होता, शहरात राहून सावध झालेला. "पाणी म्हणतं, थांब जरा." आणि तिने मला ओढलं. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता, मला तिच्या तळव्यातून कळलं. पण तो बाहेर पडेना. दात आवळले गेले, पोट आत गेलं, आणि नाकातून आपोआप 'हं' निघाला. मी करकरलो. नाव पुढे सरकली. मागून तीन म्हाताऱ्या गळ्यांनी उत्तर दिलं, "थांबू कसा गं, थांबू कसा." पुन्हा ओढ. पुन्हा तो श्वास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात माझ्यावर होते, म्हणून तिने ते तसंच वाहू दिलं.

पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा ओळ टाकायची तिची पाळी होती. ती गायली नाही. मागच्या तिघांनी वल्ही पाण्यावर धरून ठेवली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या काठाकडे असतं. तिला समोर घराचं छप्पर दिसत होतं आणि स्वयंपाकघराची उघडी खिडकी. तिकडे बघत, तिघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती म्हणाली:

"बाबा, तुम्ही मधे थांबत होतात ना, मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात. मला भीती वाटली. लोकांना कळू नये म्हणून मी त्या जागा काढून टाकल्या, आणि तुम्हाला विचारलं नाही. मी जगभरची गाणी वाचली, पण तुम्हाला हे कधी म्हटलंच नाही. बाबा, मला आपलं गाणं येत नाही. मला शिकवा."